औषधाने उपास मोडत नाही

चैत्र लागला की वसईकडच्या आमच्या गास गावाच्या शिवारात पहाटेचा मोगऱ्याचा वास इतका दाट होतो की तो जिभेवर उतरल्यासारखा वाटतो. कळ्या खुडायला उजाडायच्या आत शेतात जावं लागतं, कारण ऊन लागलं की कळी उमलते आणि उमललेल्या कळीला बाजारात कुणी विचारत नाही. यंदाच्या चैत्रात मी आईच्या शेजारच्या सरीत वाकून कळ्या खुडत होते आणि थोड्या थोड्या वेळाने हातातली टोपली खाली ठेवून बांधावरच्या विहिरीकडे धावत होते. बादली वर ओढायची, काठालाच तोंड लावून घटाघट प्यायचं, आणि परत सरीत येईपर्यंत जीभ पुन्हा टाळ्याला चिकटलेली. "अगं बाय, एकटी विहीर आटवशील," आई म्हणायची आणि आम्ही दोघी हसायचो. विहिरी आटवणारे वेगळेच होते. पूर्वेच्या बाजूला उभ्या राहिलेल्या इमारतींच्या मनोऱ्यांना पाणी पुरवण्यासाठी आमच्या शिवारातल्या विहिरींना रात्रंदिवस पंप लागले होते, टँकरांची रांग आमच्या पाखाडीपर्यंत, घरांच्या आळीपर्यंत, येत होती आणि ज्या विहिरींचं पाणी आमच्या आजोबांनी ओंजळीने प्यायलं त्यांना आता मचूळ चव येऊ लागली होती. मी पाण्यासाठी लढत होते आणि मला तहान लागत होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे कळायला मला पुढचे कित्येक आठवडे लागले.

मी पत्रकांवर वाढले. बाबा शाळेत मराठी शिकवत, आणि शाळा सुटली की गावाच्या प्रत्येक लढ्याची पत्रकं लिहीत. आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त होते. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी गणितं सोडवली, त्यांच्या ठळक मथळ्यांवरून बोट फिरवत जोडाक्षरं शिकले. 'निर्धार', 'संघर्ष', 'अखेरच्या श्वासापर्यंत' हे शब्द मला 'आंबा' आणि 'बदक' यांच्याइतकेच लवकर भेटले, आणि त्यांचा अर्थ कळण्याआधीच त्यांची चाल माझ्या अंगात भिनली. पुढे बाबांच्या पत्रकांची मुद्रितं मी तपासू लागले, मग काही परिच्छेद लिहू लागले, आणि सव्विसाव्या वर्षी टँकरविरोधी लढ्याचं प्रत्येक पत्रक माझ्याच हातून उतरत होतं. जगातल्या प्रत्येक दुःखामागे कुणीतरी जबाबदार असतं, त्याचं नाव शोधायचं, ते ठळक अक्षरांत छापायचं आणि मग हटायचं नाही, एवढंच मला येत होतं. मला वाटे, एवढं पुरेसं आहे.

त्या महिन्याभरात मी वाळत गेले. पंजाबी ड्रेस खांद्यावरून घसरू लागले, गालांची हाडं वर आली. गावातली माणसं म्हणायची, "मास्तरांच्या पोरीनं आंदोलनापायी शरीराची काडी केली," आणि हे ऐकताना बाबांच्या चेहऱ्यावर जो अभिमान उमटे तो मला औषधासारखा वाटे. मग एका दुपारी पत्रकाचं मुद्रित तपासताना अक्षरांच्या कडा विरघळू लागल्या. 'पाणी' या शब्दाचा काना कुठे संपतो आणि पुढचा 'ण' कुठे सुरू होतो ते दिसेना. चष्मा लागला असेल म्हणून विरारला गेले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळ्यांकडे पाहिलं, मग माझ्या मनगटांकडे पाहिलं, आणि रक्त तपासायला पाठवलं.

ज्या डॉक्टरबाईंनी मला ते सांगितलं त्या हळू आवाजात बोलणाऱ्या होत्या. टेबलावर टेकवलेल्या माझ्या हातांकडे पाहत त्या म्हणाल्या, हा म्हातारपणी होणारा मधुमेह नव्हे. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशींनीच चुकून, ओळख विसरल्यासारखं, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर हल्ला केला आहे आणि आता ते बाहेरून टोचून घ्यावं लागेल. मी विचारलं, "किती दिवस?" त्या म्हणाल्या, "आयुष्यभर." हा शब्द मी पत्रकांत किती सहज वापरला होता. मी विचारलं, कशामुळे झालं? पाण्यामुळे? शेतात मारतात त्या फवाऱ्यांमुळे? खाण्यात काही भेसळ? त्यांनी मान हलवली. कुणामुळेही नाही, असं होतं कधी कधी, तुझी काही चूक नाही. त्यांना वाटलं, ते ऐकून मला धीर येईल. मला मात्र पायाखालची फरशी काढून घेतल्यासारखं झालं. कुणीतरी दोषी असता तर मी त्याच्या दाराशी जाऊन बसले असते. माझ्या आतल्या ज्या सैनिकांनी माझ्यावरच गोळ्या झाडल्या त्यांना निवेदन कोण देणार, त्यांच्या कचेरीवर मोर्चा कुठल्या रस्त्याने न्यायचा?

घरी आल्यावर आई पहिलं वाक्य बोलली ते असं: "कोनाला सांगू नको." तिच्या आवाजात लाज नव्हती, भीती होती. लग्न व्हायच्या पोरीला रोज सुई लागते हे एकदा पाखाडीत फुटलं की ते आमच्या आधी पाहुण्यांच्या घरी पोचेल, हे तिला ठाऊक होतं. मी बाबांकडे पाहिलं. गावाला सत्य सांगण्यासाठी ज्यांनी हयात घालवली, ज्यांनी मला लपवाछपवीचा तिटकारा शिकवला, ते बाबा खिडकीतून बाहेर पाहत म्हणाले, "सध्या राहू दे. लढा ऐन भरात आहे, लोकांचं लक्ष विचलित नको." मीही पुढचं पत्रक लिहायला बसले. माझ्याच शरीराच्या बातमीला आमच्या घरातल्या गठ्ठ्यांत जागा मिळाली नाही.

मग वैशाख तापला. वीज जाऊ लागली तशी फ्रिजचा भरवसा उरला नाही, म्हणून आईने ओल्या वाळूने भरलेल्या मडक्यात इन्सुलिनची ती लहानशी बाटली जपून ठेवायला सुरुवात केली. वर ओलं फडकं, त्यावर एक वाटी. देवघरातल्या दिव्याकडे नसेल इतकं तिचं त्या मडक्याकडे लक्ष असे. मला ते जमत नसे म्हणून सुई तीच भरायची, हवेचा बुडबुडा टिचकी मारून घालवायची, आणि टोचताना स्वतःच डोळे मिटायची. त्या इन्सुलिनला एक उग्र वास असतो, नुकत्याच पुसलेल्या इस्पितळाच्या लादीचा. मोगऱ्याच्या हंगामात माझ्या पोटाला तो वास येत राहिला. दुपारी सगळं शिवार उन्हात निपचित पडे, केळीची पानं मधोमध दुमडून घेत, आणि मी छताच्या वाशांकडे पाहत आयुष्यभर या शब्दाचा हिशेब मांडायचा प्रयत्न करी. तो मांडता येत नसे. उद्या सकाळी सुई, उद्या संध्याकाळी सुई, एवढ्यापर्यंत मन जाई आणि त्यापुढे भिंत. मला मरायचं नव्हतं. पण हे असं, कुणाच्या तरी पहाऱ्यात असल्यासारखं, घड्याळाच्या धाकात जगायचं, हेही मला नको होतं. ज्या शरीराला मी आजवर हुकूम देत आले, ते आता मला हुकूम देत होतं आणि त्याच्याशी वाटाघाट करता येत नव्हती.

अशात साखळी उपोषण सुरू झालं. नाक्यावरच्या चिंचेखाली मांडव पडला. आमच्याकडे उपोषणाची रीत सूर्योदय ते सूर्योदय अशी आहे. काही जण एक दिवस बसतात, दुसऱ्या दिवशी उजाडताच ते उठतात आणि त्यांच्या जागी दुसरे बसतात. फक्त पाणी. माझा दिवस ठरला तेव्हा कुणी मला विचारलं नाही, कारण मास्तरांची मुलगी बसणार नाही अशी शंकाच कुणाला येण्यासारखी नव्हती. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, सुई घेतल्यावर जेवणाची वेळ चुकवायची नाही, नाहीतर रक्तातली साखर एकदम खाली जाते. ते आम्हा तिघांनाही पाठ होतं. पण उपोषण म्हणजे जेवण चुकणं, असं आमच्या घरात कधी कुणाला वाटलंच नव्हतं. जेवण चुकतं ते आळसाने, कामाच्या घाईने. उपोषण ही वेगळीच गोष्ट. ते माणूस करतो, ते त्याला होत नाही.

त्या पहाटे आईने नेहमीसारखं मडकं उघडलं. मी म्हटलं, "आज उपास आहे ना गं?" ती सुई भरता भरता म्हणाली, "औषधानं उपास मोडत नाय." एकादशीला आजी गुडघ्याची गोळी घ्यायची तेव्हाही घरात हेच म्हणत. मी, जी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं लिहीत होते, त्या वाक्यापुढे मान डोलावून मोकळी झाले. ते किती तर्कशुद्ध वाटलं! औषध म्हणजे अन्न नव्हे. औषध चुकवायचं नाही आणि लढाही चुकवायचा नाही. दोन्ही कर्तव्यं पार पाडल्याचं समाधान घेऊन मी मांडवात जाऊन बसले. ओढणीच्या गाठीत, डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून सदैव जवळ बाळगायची ती ग्लुकोजची पुडी होती.

माझ्या शेजारी मंजुळाकाकी बसली होती. ती आमच्या बांधाला बांध लावून माठ-पालकाचं पीक घेते आणि तिच्या जिभेला सबंध पाखाडी वचकून असते. टँकरवाल्यांनी त्यांचा एक माणूस मांडवासमोर उभा केला होता, मोबाइल उंच धरून, उपोषणवाले चोरून काही खातात का ते टिपायला. काकी त्याला म्हणाली, "काय रे, शिनेमा काढतोस आमचा? मंग या बाजूनं काढ, या बाजूनं मी बरी दिसते." मांडव हसला. तो माणूसही ओशाळून हसला, पण मोबाइल खाली आला नाही. बाबा ध्वनिक्षेपकावरून पत्रक वाचत होते. ते माझंच होतं, त्यातलं प्रत्येक विशेषण मी निवडलेलं.

ऊन चिंचेच्या शेंड्यावरून खाली उतरलं तेव्हा पहिला घाम आला. वैशाखात घाम सगळ्यांनाच येतो. पण हा थंड होता, मानेच्या मागून पाझरणारा. मग बोटं थरथरू लागली, ओठ बधिर झाले, छातीत कुणीतरी घाईघाईने दार ठोठावतंय असं वाटू लागलं. मला वाटलं, हाच तो निर्धार. माणूस ध्येयासाठी उपाशी बसतो तेव्हा त्याला असंच होत असेल. मग बाबांचा आवाज लांब जाऊ लागला, शब्द कळेनात, नुसती चाल ऐकू येऊ लागली, आणि त्या क्षणी कुठल्यातरी खोल, शहाण्या कोपऱ्यातून डॉक्टरबाईंचं वाक्य वर आलं: आधी साखर, मग विचार.

मी ओढणीची गाठ सोडली. पुडी मुठीत धरली. आणि विचारच करत बसले. समोर तो मोबाइल. पुडी फोडली तर उपोषण मोडलं, ते सगळ्या वसईने पाहिलं, आणि का मोडलं हे सांगायला गेले तर आईने मडक्यात लपवलेलं सगळं उघड्यावर आलं. नाही फोडली तर? त्यापुढे मला काही दिसत नव्हतं, उजेडाच्या कडा काळ्या होत चालल्या होत्या, आणि मी लिहिलेलं वाक्य माझ्याच बाबांच्या तोंडून मांडवावरून घुमत होतं: अखेरच्या श्वासापर्यंत. ते वाक्य खरं करून दाखवणं किती सोपं होतं! नुसतं बसून राहायचं.

मी धीर करून निर्णय घेतला असं मला म्हणता येत नाही. हात उठला. दातांनी पुडी फाडली आणि सगळी पूड तोंडात ओतली. अर्धी हनुवटीवरून गळ्यात सांडली. त्यापूर्वी मला कधी ठाऊक नव्हतं की जगण्याची इच्छा माणसाच्या मताशिवाय, त्याच्या तत्त्वांना न विचारता, इतक्या दांडगाईने काम करते.

"खाल्लं! खाल्लं! ही बघा, साखर खातेय!" तो माणूस ओरडला. बाबांचा आवाज अर्ध्या वाक्यात थांबला. काकीने माझं डोकं मांडीवर ओढून घेतलं. "पोरीच्या अंगाला पान्यानं भिजवल्यागत घाम आलाय नि तुला शिनेमा सुचतो, मेल्या! कुनीतरी हिच्या आयेला बोलवा."

आई धावत आली तेव्हा तिच्या पायात चपला नव्हत्या. तिने हातातलं केळं सोलून माझ्या तोंडाशी धरलं, आणि मी ते सगळ्यांसमोर, रडत रडत, गिळलं. थोड्या वेळाने उजेड जागेवर आला. माणसांना पुन्हा चेहरे आले. बाबा समोर उभे होते, हातात पत्रक तसंच. मी त्यांना म्हटलं, "बाबा, सांगा ना यांना." ज्यांना मी कधी शब्दांसाठी अडलेलं पाहिलं नव्हतं, त्यांना एक वाक्य सापडेना.

मग मीच त्या मोबाइलकडे तोंड केलं. "काढ. हेही काढ. मला मधुमेह आहे. सकाळ-संध्याकाळ सुई टोचून घेते. आज सुई घेऊन उपाशी बसले म्हणून मरायला टेकले होते. नीट घेतलंस ना? आवाज येतोय ना?"

गर्दीतून एक म्हातारा हळूच म्हणाला, "साखर झालेय म्हनते, नि साखर खाते?" काकी माझ्या गळ्यावरची पूड झटकत पुटपुटली, "एवढ्या पोरवयात गं, बाय माझे." तिच्या आवाजातल्या त्या कणवेलाच मी महिनाभर भीत होते. आता ती अंगावर आली तर नुसती थकल्यासारखी वाटली. उन्हासारखी. मी म्हटलं, "काकी, माझ्यामुळे साखळी तुटली." ती फणकारली, "साखळी काय तुझ्या एकटीच्या गळ्यात घातलेय? आजचा दिवस आम्ही बसलोच आहोत. उद्या तुझ्या जागी कोन ते उद्या बघू."

दुपारी बाबा ओटीवर खुलाशाचं पत्रक लिहायला बसले. 'बंधू-भगिनींनो' आणि त्याखाली एक ओळ लिहून त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला, सवयीने, तपासायला. 'माझी कन्या मधुमेहाशी निर्धाराने झुंज देत आहे.' मी 'निर्धाराने' खोडलं. मग 'झुंज' खोडलं. ते म्हणाले, "मग काय लिहू, मुक्ता?" ज्याच्याशी झुंजायचं त्याला माझ्यापासून वेगळं काढता येत नव्हतं. तिथे जिंकायचं काही नव्हतं, नुसतं उठून पुन्हा पुन्हा तेच करायचं होतं, आणि त्यासाठी आमच्या घरात इतक्या वर्षांत एकही शब्द घडवला गेला नव्हता. "लिहा, तिला मधुमेह आहे," मी म्हटलं. त्यांनी तेवढंच लिहिलं. आणि मग चष्मा काढून, मी कधी पाहिलं नव्हतं तसं, तळव्यांनी डोळे दाबून बसले.

आई चुलीकडून म्हणाली, "उद्या तिच्या जागी मी बसते."

आम्ही दोघांनीही वळून पाहिलं. आई आजवर कुठल्याच उपोषणाला बसली नव्हती. तिने लढ्यांना भाकऱ्या पुरवल्या, चहाचे टोप उतरवले, उपोषण सोडणाऱ्यांसाठी लिंबू सरबत केलं. आणि या सगळ्याला ती कायम 'तुमचं ते पत्रकांचं' म्हणत आली. "असं काय बघता? विहीर काय तुमचीच हाय?" ती म्हणाली, आणि भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवण्याआधी तिने माझी सुई भरली. टोचताना या खेपेला तिने डोळे उघडे ठेवले होते. मग पाट मांडला, ताटात भाकरी, मुगाची उसळ, वर लसणीची चटणी वाढली, आणि स्वतः सणासुदीचं निळं पातळ नेसून दारात उभी राहिली. तिने पाण्याचा घोटही घेतला नव्हता. मी म्हटलं, "आई, तुझ्याआधी मी कशी खाऊ?" "खा," ती म्हणाली. "गुमान खा." माझा पहिला घास तोंडात गेलेला पाहून ती वळली आणि पाखाडीच्या वाटेने, उजाडता उजाडता, कधी नव्हे त्या ताठ चालीने नाक्याकडे निघून गेली.

बाबा आधीच मांडवात गेले होते; मी एकटी उरले. नाक्यावरून घोषणा ऐकू येऊ लागल्या, कालच्या माणसांना उठवणाऱ्या आणि आजच्या माणसांना बसवणाऱ्या. तिथे प्रत्येकाच्या जागी बसायला कुणीतरी होतं. माझ्या आत जे चाललं होतं तिथे मात्र माझ्या जागी बसायला आई नव्हती, काकी नव्हती, कुणीच नव्हतं. तिथली पाळी रोज माझी, उद्या माझी, त्यापुढेही माझी. उपाशी राहण्याची सगळी भाषा मला येत होती. घशाखाली उतरत नसताना खात राहण्याची भाषा मला कुणी शिकवली नव्हती. घास तोंडात फुगत होता, भाकरीला चव नव्हती, आणि गावातली माणसं माझ्या विहिरीसाठी उपाशी बसत असताना मी इथे पाटावर मांडी घालून जेवत होते. ही हार आहे की आणखी काही, ते मला तेव्हा ठरवता आलं नाही आणि आजही येत नाही. सुई टोचून झाली होती. ताटात अर्धी भाकरी उरली होती, आणि ती संपवल्याशिवाय मला उठता येणार नव्हतं.